'पॅसिफिक ब्रीझ': आठ महिने ऐकल्यानंतर

पहिले दोन आठवडे मी ही रेकॉर्ड ऐकली कमी आणि पाहिलीच जास्त. कव्हरवर हिरोशी नागाईंचं चित्र आहे. जपानी गायक एइइची ओताकींच्या 1981च्या 'अ लाँग व्हेकेशन'चं कव्हरही त्यांचंच. बारा इंची कव्हरवर त्यांचा निळा रंग काय खुलतो, ते मोबाइलच्या पडद्यावर कळतच नाही.

'लाइट इन द ॲटिक' या रेकॉर्ड कंपनीने 2019 मध्ये काढलेला हा दोन तबकड्यांचा संच. गाणी 1976 ते 1986 या काळातली, जपानी सिटी पॉपच्या, म्हणजे शहरी, गुळगुळीत पॉप संगीताच्या घराण्यातली. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा जपानी इलेक्ट्रॉनिक बँड ही माझी जुनी आवड, म्हणून मी हा संच घेतला त्या बँडमधल्या हारुओमी होसोनोंसाठी. पण सगळीकडे सिंथेसायझरच ऐकू येईल अशा आशेने घेऊ नका. बरीच गाणी गिटार, बास आणि खऱ्याखुऱ्या ड्रम्सवरच उभी आहेत. सिटी पॉपमधलं सगळ्यांत गाजलेलं, मारिया ताकेउचींचं 'प्लास्टिक लव्ह'ही यात नाही.

मला हा संच धरून ठेवतो तो दोन गाण्यांमुळे. ताएको ओनुकींचं 'कुसुरी ओ ताकुसान' 1977च्या 'सनशॉवर'मधलं. संगीत-संयोजन र्युइची साकामोतोंचं, ड्रम्सवर अमेरिकेहून बोलावलेला क्रिस पार्कर. ठेका माणसाच्या हातातला आहे, किंचित मागेपुढे होतो आणि म्हणूनच पाय हलवतो. मग सुई उचलून मी होसोनोंचं 'स्पोर्ट्स मेन' लावते. ते 1982चं, 'फिलहार्मनी'मधलं. त्या अल्बममध्ये होसोनोंनी इम्युलेटर हा तेव्हा नवाकोरा असलेला सॅम्पलर, म्हणजे आवाज टिपून ते सुरांत वाजवणारं यंत्र, वापरला. इथे ठोका घड्याळासारखा पडतो, तरी गाणं कोरडं होत नाही, कारण यंत्रापुढे बसलेला माणूस मुळात बास वाजवणारा आहे. कोणता सूर कुठे सोडून द्यायचा, हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक आहे. या दोन गाण्यांच्या मध्ये, 1978 मध्ये, यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि त्यात होसोनो, साकामोतो दोघेही होते. हे मी वाचलेलं होतं. कानांना पटायला मात्र चारेक महिने गेले.

ओनुकींच्या गाण्याचे शब्द मी जपानी शिकतेय म्हणून वही घेऊन उतरवले. शीर्षकाचा अर्थ 'भरपूर औषधं'. इतक्या हसऱ्या चालीत गोळ्यांवर गोळ्या घेण्याबद्दल टोचून बोललंय! तोवर मी ते सुट्टीतलं गाणं समजत होते.

हिरोशी सातोंचं 'से गुडबाय' रात्री दिवे मंद करून ऐकावं. इझुमी कोबायाशींचं 'कॉफी रुम्बा' घरात सगळ्यांना आवडलं. मूळ चाल व्हेनेझुएलाची आहे. गिटारवादक मासायोशी ताकानाकांचं 'बांबू व्हेंडर' मला अजून भिडलेलं नाही.

तबकड्यांबद्दल: आवाज भरदार आहे, बास घुमत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात कागदी पाकिटांना दमट वास येऊ लागला, तेव्हा मी आतली पाकिटं बदलून प्लॅस्टिक अस्तराची घेतली आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. खरखर थोडी वाढली होती, ती कार्बन ब्रशने गेली. कुरिअरमध्ये कव्हरचा एक कोपरा दुमडला, तो मात्र तसाच राहिला.

किंमत आयात रेकॉर्डची, म्हणजे भारीच. एवढे पैसे मोजून मी पुन्हा घेईन का? घेईन. गेल्या महिन्यात अख्खी 'फिलहार्मनी'ही मागवली आहे, अजून वाटेत आहे.