शिंगराच्या तापासाठी घेतलेला डिजिटल थर्मामीटर : सात महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात थर्मामीटर बंद पडला, म्हणून लिहितोय. दोष एकच, सेलच्या खणाचं झाकण. त्याला आतून रबर नाही. काशीदच्या खाऱ्या हवेत पावसाळाभर राहिला आणि आतल्या पत्तीवर हिरवा गंज चढला. दुकानदार म्हणतो, "जनावराला वापरलात, वॉरंटी नाही." गंज हवेने धरला, शिंगराचा त्यात काय संबंध? अर्धा तास भांडलो. १८० रुपयेच, पण घोडी किनाऱ्यावर फिरवून मिळवलेले.

मागच्या वर्षीचं शिंगरू गेलं, म्हणून हा घेतला. अडीच महिन्यांचं होतं ते. दूध पीत होतं, उड्या मारत होतं. धाप दिसली आणि चौथ्या दिवशी गेलं. फुप्फुसात पुवाच्या गाठी निघाल्या. म्हणून या खेपेला घोडी व्यायच्या आधीच डॉक्टरांना म्हटलं, गाईंना पावसाळ्याआधी घटसर्पाची टोचता, तशी न्यूमोनियाची लस शिंगराला टोचा, पैसे देतो. ते म्हणाले, शिंगरांना हा न्यूमोनिया करणाऱ्या ऱ्होडोकॉकस इक्वाय या जंतूवर बाजारात लसच नाही. १९२३ मध्ये स्वीडनमध्ये ओळखलेला हा जंतू, शंभर वर्षं उलटली तरी नाही! परदेशात मोठ्या पागांमध्ये जन्मल्या जन्मल्या शिंगराला खास प्लाझ्मा (या जंतूशी लढणारी प्रतिद्रव्यं असलेला रक्ताचा पातळ भाग) शिरेतून चढवतात. तोही महाग, आणि पूर्ण भरवशाचा नाही. हा जंतू लिदीत, मातीत असतो आणि धुळीबरोबर श्वासातून आत जातो. एक ते सहा महिन्यांचं वय धोक्याचं. "लीद रोज उचल, धूळ उडू देऊ नकोस, आणि रोज ताप बघ. १०२ च्या वर गेला की फोन कर."

फाल्गुनापासून रोज बघतोय. दोरा बांधून चिमट्याने शेपटीला अडकवायचा, टोकाला व्हॅसलीन लावायचं. मिनिटाच्या आत आकडा येतो. वैशाखात एका पहाटे १०२.८ आला. खोकला नाही, धाप नाही, दूध पिणं चालू. नुसत्या डोळ्यांना काही कळलं नसतं. डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी केली, गाठी लहान होत्या. रिफाम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन अँटिबायोटिक औषधं सुरू झाली. लघवी केशरी झाली तेव्हा घरातले घाबरले, पण ती रिफाम्पिसिनमुळेच होते.

आठवड्याने दुपारी आकडा १०४. तेव्हा मी ठरवलं होतं की हे यंत्र खोटं, नाहीतर औषध फुकट. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "घाम येतोय का त्याला?" घोडी शेजारी निथळत होती, शिंगरू कोरडं ठणठणीत. क्लॅरिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांनी शिंगराचा घाम अडतो, आणि कोकणातल्या उकाड्यात अंग तापतं. लगेच सुरूच्या सावलीत नेलं, अंगावर पाणी मारलं, तासाभरात आकडा उतरला. तेव्हापासून पहाटेचाच आकडा खरा धरतो, दुपारचा वेगळा लिहितो. आणि हे औषध घोडीच्या दाण्यात सांडू देऊ नका, मोठ्या घोड्याला त्याने जीवघेणी हगवण लागते.

दीड महिना औषध चाललं. शिंगरू वाचलं.

म्हणून दुसरा घेतला, त्याच बनावटीचा. झाकणावर वायरमनची काळी टेप गुंडाळली आहे, रात्री तांदळाच्या डब्यात ठेवतो. कंपनीने रबराची एक रिंग घातली असती तर हे १८० वाचले असते. आज पहाटे १००.६.