८५ पोर्ट्रेट की १०० मॅक्रो? गुजरी, हुपरी आणि तालमीतल्या वापरानंतर

कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रो ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढचं वाचण्याआधी लेन्सच्या डाव्या अंगाला असलेले तीन खटके बघावेत. त्यातला एक फोकस लिमिटर आहे, म्हणजे लेन्सनं किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारा खटका. त्याच्या तीन जागा: फुल, ०.५ मीटर ते अनंत, आणि ०.३ ते ०.५ मीटर. तो तिसऱ्या जागेवर असेल तर अर्ध्या मीटरच्या पलीकडचं काहीही फोकसमध्ये येणार नाही. लेन्स जराशी पुढे-मागे सरकते, थांबते, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धुरकट दिसतं. फोकसची मोटर मेल्यावर दिसतं तसंच हे दृश्य असतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर "मोटर गेली, बदलावी लागेल" असं निदान झालेली ही लेन्स तो खटका फुलवर सरकवताच चालू झाली. मोटर बदलण्याचा खर्च म्हणजे जुन्या बाजारात एक चांगली ५० एमएम. काउंटरवरच्या माणसानं लेन्स हातात घेतल्यावर सगळ्यात आधी हेच बघायला हवं होतं. त्याचा राग आहे, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

खटका आपोआप सरकतो कसा? तो बॅरलच्या बाहेर उठून आहे. बॅगेच्या घट्ट कप्प्यातून लेन्स ओढून काढताना कप्प्याचं अस्तर त्याला घासतं. उपाय फुकटात होतो. काळ्या कापडी टेपचा नखाएवढा तुकडा घ्या, टेपचं एक टोक दुमडून धरायला जागा ठेवा आणि खटक्यावर चिकटवा. हवा तेव्हा काढता येतो. सेलोटेप नको, उन्हात तिचा चिकटा खटक्याच्या फटीत उतरतो.

लेन्स फोकस करत नसेल तर क्रम असा ठेवा. आधी एएफ/एमएफचा (ऑटो की मॅन्युअल फोकस) खटका, मग लिमिटर. मग फोकसची रिंग हातानं फिरवून विषय जवळपास स्पष्ट करा आणि शटर अर्धं दाबा. त्यावर लेन्सनं पकड घेतली तर मोटर ठणठणीत आहे. 'एरर ०१' आला तर कॅमेरा आणि लेन्समधला संपर्क तुटतोय, माउंटवरचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडानं पुसा. रिंग फिरवताना खरखर लागत असेल किंवा कोणत्याच अंतरावर लेन्स हलायचा प्रयत्नही करत नसेल, तेव्हाच दुरुस्तीचा विचार करा.

आता मूळ प्रश्न. ईएफ ८५ एमएम एफ/१.८ घ्यावी की ही १०० मॅक्रो? किमतीत मोठा फरक, वजनात ४२५ विरुद्ध ६२५ ग्रॅम. "मॅक्रो घ्या, पोर्ट्रेट त्यातच होतं" हा दुकानातला सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग तुम्ही कशाचे फोटो काढता त्यावर ठरतो.

दागिन्यांपासून सुरुवात करतो, कारण कोल्हापुरात (गुजरी ही इथली सराफपेठ) मॅक्रो घेणारे बहुतेक जण त्यासाठीच घेतात. ८५ किमान ०.८५ मीटरवर फोकस करते आणि मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट) ०.१३ मिळतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर) म्हणजे सुमारे २८ बाय १८ सेंटिमीटरची चौकट. गळ्याच्या स्टँडवर घातलेला अख्खा कोल्हापुरी साज त्यात व्यवस्थित बसतो. पण साजाचं एक पान (मासा, कासव अशा आकृतीचा छोटा ठसा), धरा दीड सेंटिमीटरचं, २४ मेगापिक्सेलच्या फोटोत जेमतेम सव्वातीनशे पिक्सेल व्यापतं. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवायला चालेल. छापील कॅटलॉगमध्ये मासा आणि कासव वेगळं ओळखू येणार नाही. अर्ध्या आकारात, म्हणजे ०.५ मॅग्निफिकेशनला, तेच पान साडेबाराशे पिक्सेलचं होतं आणि ठशातली रेघन् रेघ दिसते.

इथंच १:१ या आकड्याचा (प्रतिमा वस्तूएवढीच) मोह सोडायला हवा. १:१ ला फुल फ्रेमवर एफ/११ एवढं बारीक छिद्र ठेवूनही स्पष्टतेची खोली सव्वा मिलिमीटरच्या आसपास मिळते. ०.५ ला त्याच छिद्रावर जवळजवळ चार मिलिमीटर. साजाचं पान लाखेवर उठावदार बसवलेलं असतं, ठुशीचे मणी तर गोलच. चार मिलिमीटरमध्ये एक फोटो पुरतो, सव्वा मिलिमीटरमध्ये स्टॅकिंगशिवाय (पुढे-मागे फोकस केलेले अनेक फोटो एकत्र जोडण्याशिवाय) गत्यंतर नाही. एफ/२२ वर जाऊन खोली वाढवायचा प्रयत्न करू नका. १:१ ला प्रत्यक्ष छिद्र आकड्याच्या जवळपास दुप्पट बारीक असल्यासारखं वागतं, विवर्तनानं (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यानं) सगळा ठसा मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ ही हद्द. स्टॅक करायचाच असेल तर एफ/८, दर फोटोला अर्धा मिलिमीटर पुढे, सेंटिमीटरभर जाडीच्या लॉकेटला वीस-पंचवीस फोटो. उजेडही याच हिशेबानं घटतो: १:१ ला सुमारे दोन स्टॉप (एक स्टॉप घटला म्हणजे उजेड निम्मा), ०.५ ला एकाहून थोडा जास्त. कॅमेऱ्याचं मीटर ते सांभाळून घेतं. मॅन्युअलवर लावलेला फ्लॅश नाही घेत, त्याची ताकद तुम्हीच वाढवायची.

कोल्हापूरजवळच्या हुपरी या चांदीकामाच्या गावच्या दागिन्यांची अडचण वेगळी, आणि या दोन लेन्समधला फरक तिथं सगळ्यात ठळक दिसतो. पैंजणाचा प्रत्येक घुंगरू म्हणजे छोटा बहिर्गोल आरसा. १:१ ला लेन्सच्या तोंडापासून घुंगरापर्यंत तेरा-चौदा सेंटिमीटर उरतात, हूड लावलं तर बरेच कमी. मग प्रत्येक घुंगरात लेन्सचं काळं तोंड उमटतं. ०.५ ला अंतर वीतभर होतं आणि तो काळा ठिपका लहान होतो. ८५ ने जास्तीत जास्त जवळूनही तुम्ही हातभर लांब असता, ठिपका जवळपास नाहीसाच.

पण ८५ ला दुसरं दुखणं आहे. तिचं डिझाइन १९९२ चं. छिद्र मोठं ठेवलं की चांदीच्या चमकत्या कडांना फोकसच्या पुढं जांभळी आणि मागं हिरवी किनार येते. एफ/२.८ ला कमी होते, एफ/५.६ ला बहुतेक जाते. सॉफ्टवेअरमध्ये काढता येते, पण तिथं करडी रेघ मागे राहते आणि शेजारी माणिक किंवा मीना असेल तर त्याचाही रंग उतरतो. १०० मॅक्रोला हा त्रास फार कमी. चांदीचं काम रोजचं असेल तर एवढ्या एका कारणासाठी मॅक्रोचे जादा पैसे वसूल होतात.

चांदीसाठी मांडणी: तिन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपर, दिवे कागदाच्या बाहेर. घुंगरांच्या कडा पांढऱ्यात विरघळू नयेत म्हणून दोन्ही अंगांना बोटभर रुंद काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. लेन्सभोवती मध्ये भोक पाडलेलं पांढरं कार्ड लावलं की काळं तोंड झाकलं जातं. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हातानं फोकस, दोन सेकंदांचा टायमर. पांढऱ्या समतोलासाठी करडं कार्ड एकदा फ्रेममध्ये घ्या, नाहीतर चांदी निळी आणि सोनं पितळेसारखं दिसतं.

कमी खर्चात भागवायचं असेल तर ८५ ला २५ मिलिमीटरची एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ कडी) लावा. मॅग्निफिकेशन ०.४ च्या थोडं वर जातं, म्हणजे साजाच्या पानाला पुरेल इतकं. जोडणी वरवर वाटते त्यापेक्षा फार चांगली चालते. एफ/८ ला मध्यभाग इतका धारदार येतो की मॅक्रोच्या शेजारी ठेवूनही कॅटलॉगच्या आकारात फरक सांगणं कठीण. कोपरे मऊ राहतात, म्हणून दागिना मध्यावर ठेवा. ट्यूब असेपर्यंत दूरचं काही फोकस होत नाही. ट्यूब विद्युत संपर्क असलेलीच घ्या. बिनसंपर्काची स्वस्त ट्यूब लावली की ईएफ लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, ते एफ/१.८ वरच राहतं. म्हणजे चांदीसाठी नेमकं नको तेच छिद्र. प्लॅस्टिकच्या माउंटची ट्यूब ८५ च्या वजनानं किंचित झुकते, तीही टाळा.

माणसांच्या फोटोंबद्दल सुरुवातीच्या महिन्यांत मत असं झालं होतं की १०० आल्यावर ८५ विकून टाकावी. उजेडात दोन्हींचा निकाल जवळपास सारखा. मॅक्रो त्वचेवरचं छिद्रन् छिद्र दाखवते ही तक्रार फारशी खरी नाही, एफ/५.६ ला ८५ तेवढंच दाखवते. डोकं-खांद्याच्या चौकटीला ८५ साठी दीड मीटर आणि १०० साठी पावणेदोन मीटर अंतर लागतं. पूर्ण उघड्या छिद्राला खोली ८५ ला साडेतीन सेंटिमीटरच्या आत, १०० ला पाचच्या आसपास. नवरीच्या फोटोत ८५ एफ/१.८ वर ठेवली की डोळा तरी स्पष्ट येतो नाहीतर नथ तरी. दोन्ही हवेत तर एफ/४ लागतंच, आणि एफ/४ ला कोणती लेन्स होती हे कुणी ओळखणार नाही.

ते मत आता बदललंय. कारण तालीम.

तालमीत उजेड वरच्या झरोक्यातून किंवा एखाद्या ट्यूबलाइटचा. पैलवान ढाक हा डाव मारताना शटर १/५०० च्या खाली नेलं की हातपाय फराटे होतात. एफ/१.८ आणि एफ/२.८ मध्ये एक पूर्णांक एक तृतीयांश स्टॉपचा फरक, म्हणजे जवळजवळ अडीचपट उजेड. ८५ आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर जे करते त्यासाठी १०० ला ४००० लागतं. मॅक्रोचा स्टॅबिलायझर इथं कामाचा नाही, तो तुमच्या हाताची थरथर थांबवतो, पैलवानाची हालचाल नाही. त्याहून मोठा फरक फोकसचा. मॅक्रोला तीस सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत जायला लांबचा पल्ला आहे. अंगं एकमेकांत गुंतली, कॅमेऱ्याला स्पष्ट कड सापडली नाही, की ती टोकापर्यंत जाऊन परत येते आणि तोवर डाव संपलेला असतो. लिमिटर ०.५ ते अनंत वर ठेवला की हा पल्ला बराच कमी होतो. तालमीत, लग्नात, मिरवणुकीत तो तिथंच ठेवून वर टेप लावावी. तरीही ८५ जास्त चटकन पकड घेते. उलट बाजूनं, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती बारीक असते आणि सगळीकडे शिरते. १०० ला धूळ-पाण्याविरुद्ध सील आहे, ८५ ला नाही. तालमीत ८५ काढायची तर बदलाबदली बाहेर, आणि पुढं ५८ एमएमचा साधा फिल्टर.

खोलीची लांबीही मोजून घ्या. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर डोकं-खांद्याच्या चौकटीला ८५ साठी सुमारे २.४ मीटर आणि १०० साठी २.८ मीटर लागतात. दहा फुटांच्या खोलीत पडदा आणि माणूस यांच्यात हात-दीड हात सोडला की १०० साठी जागाच उरत नाही, ८५ चीही ओढाताण होते. अशा स्टुडिओवाल्यांनी पोर्ट्रेटसाठी ५० घ्यावी आणि मॅक्रोचा निर्णय वेगळा ठेवावा.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्याच्या शेवटी फुलांसाठी जाणाऱ्यांना ८५ ट्यूबसकटही अपुरी पडते. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरचे चिकट थेंब दाखवायचे तर १:१ लागतंच. तिथं वारा हाच मोठा शत्रू, खोली मिलिमीटरभर आणि फूल त्याहून जास्त हलतं. १:१ ला स्टॅबिलायझर दोनच स्टॉपची मदत करतो. छोटा फ्लॅश, त्यापुढं ट्रेसिंग पेपर, शटर १/२००, आणि लिमिटर ०.३ ते ०.५ वर. या तिसऱ्या जागेचा खरा उपयोग इथंच आहे. परतताना लिमिटर 'फुल' या जागेवर आणा.

कॅननचा आरएफ माउंटचा (मिररलेस) कॅमेरा असेल तर आरएफ ८५ एमएम एफ/२ मॅक्रो आयएस एसटीएम आधी बघा. ०.५ मॅग्निफिकेशन, एफ/२, ५०० ग्रॅम. साज, पैंजण, चेहरे यांना एकच लेन्स पुरते. फोकस करताना तिचं नळकांडं बाहेर येतं आणि वेग मध्यमच आहे, म्हणून तालमीसाठी तिच्याकडून फार अपेक्षा नको. ईएफ लेन्स आधीच घरात असतील तर ॲडॅप्टरवर दोन्ही नीट चालतात.

जुनी १०० घेताना विक्रेत्यासमोरच करायची तपासणी: लिमिटरच्या तिन्ही जागांवर वेगवेगळा फोकस करून बघा. स्टॅबिलायझर चालू करून शटर अर्धं दाबा, हलकी घरघर ठीक, टकटक नको. मागून मोबाइलचा टॉर्च मारून आतल्या काचा बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यातून गेलेल्या लेन्समध्ये ती सापडतेच सापडते असं नाही, पण अतिपावसाच्या गगनबावड्याच्या बाजूनं आलेली लेन्स असेल तर दोनदा बघा. घरी आणल्यावर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक, आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून, पूर्ण गार करून परत डब्यात ठेवा.