मतपत्रिका, यंत्र की मोबाइल: संस्थेची निवडणूक कशावर घ्यायची?

पाथर्डी फाट्यावरची दीडशे फ्लॅटची सोसायटी असो किंवा सातपूर, सिन्नर, निफाडला शाखा असलेली पतसंस्था, निवडणूक जवळ आली की कोणीतरी विचारतंच, "आता ऑनलाइनच घेऊ या ना?" निकाल किती लवकर लागेल याचाच हिशोब आधी होतो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. जो हरेल त्याला मोजणी स्वतः तपासता येईल का? जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये तिथल्या मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला तो याच कसोटीवर: तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे पडताळता आले पाहिजेत.

मतपत्रिका या कसोटीला उतरते, पण हिशोब चोख ठेवला तरच. समजा 320 पत्रिका छापल्या. दिवस संपताना पेटीतल्या, खराब झालेल्या आणि कोऱ्या उरलेल्या मिळून 320 भरल्याच पाहिजेत. मतदान सुरू होण्याआधी रिकामी पेटी उमेदवारांच्या सगळ्या प्रतिनिधींना दाखवा, सील करा आणि सीलच्या कागदावर त्यांच्या सह्या घ्या. खरी अडचण बाद मतांची. अकरा जागांना बारा फुल्या पडतात, फुली दोन नावांच्या मधल्या रेषेवर येते, काही जण तर पत्रिकेवर सहीच करतात. राखीव जागांची पत्रिका वेगळ्या रंगाची छापली आणि किती फुल्या मारायच्या ते वर ठळक लिहिलं की चुका कमी होतात. बाद कशाला म्हणायचं हे मोजणीच्या टेबलावर नव्हे, आदल्या दिवशी लेखी ठरवा. मोजताना पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करा. तीनशे मतदार असतील तर संध्याकाळ जाईल, पण वाद राहणार नाही.

यंत्राचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर निवडणूक आयोगाचं यंत्र येतं. त्यावरचा विश्वास मात्र यंत्राभोवतीच्या पद्धतीतून येतो. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान होतं, व्हीव्हीपॅटची (दिलेलं मत कागदावर छापून दाखवणाऱ्या जोडयंत्राची) चिठ्ठी सात सेकंद दिसते, आणि मतदान संपल्यावर एकूण मतांचा आकडा 17-सी नमुन्यावर प्रतिनिधींच्या हातात पडतो. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. अभिरूप मतदानाची मतं पुसायची राहिली तर बेरीज जुळत नाही, आणि ती चूक उघडी पडते ती 17-सीच्या आकड्यामुळेच. भाड्याने आणलेल्या खासगी यंत्रासोबत यातलं काहीच आपोआप येत नाही. नाशिक महापालिकेच्या जानेवारी 2026 च्या मतदानात व्हीव्हीपॅट नव्हतं, त्यामुळे चिठ्ठीचा मुद्दा इथल्या मतदाराला नवा नाही.

मतदार हजारोंनी आणि केंद्रं चार गावांत असतील तर यंत्र जरूर घ्या, पण चिठ्ठी देणारंच. मतदान संपल्यावर सोडत काढून एक-दोन केंद्रं निवडा आणि तिथल्या चिठ्ठ्या हाताने मोजा. आकडे जुळले नाहीत तर कागदाचीच मोजणी ग्राह्य, हे आधीच ठरावात लिहा. देखरेखीला पॅनेलबाहेरचा आणि विक्रेत्याशी संबंध नसलेला माणूस हवा.

मोबाइलवरच्या मतदानाचं आकर्षण समजण्यासारखं आहे. हिंजवडीत नोकरी करणारा सभासद मतदानासाठी नाशिकला यायचा नाही. पण ओटीपी जातो रजिस्टरमधल्या नंबरवर, आणि आजोबांचा नंबर बऱ्याचदा नातवाच्या हातातल्या फोनचा असतो. मत घरात, चारचौघांसमोर पडतं. एस्टोनियात 2005 पासून इंटरनेटवर मतदान होतं, पण तिथे ओळख ओटीपीने नव्हे, डिजिटल सहीच्या सरकारी ओळखपत्राने पटवतात. दबावाखाली दिलेलं मत नंतर बदलता येतं आणि शेवटचं मत धरलं जातं. आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये या सोयी आहेत का, ते आधी विचारा. सहकारी सोसायटी असेल तर ही पद्धत नियमात बसते का, तेही उपनिबंधक कार्यालयाकडून लेखी घ्या.

तीनशेच्या आतल्या सोसायटीने कागद सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही अ‍ॅप घ्यायचंच ठरलं, तर करारावर सही करण्याआधी सर्वसाधारण सभेत दहा सभासदांना चाचणी मतं टाकायला सांगा आणि मतदान चालू असतानाच विक्रेत्याचा संगणक पडद्यावर लावा. कोणी कोणाला मत दिलं किंवा कोण पुढे आहे, यातलं काहीही तिथे दिसलं तर सही करू नका.