जुना लॅपटॉप चांगलाय, पण झाकण लावलं तरी झोपत नव्हता

लातूरच्या एका दुकानातून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. कीबोर्ड लै भारी, स्क्रीन ठीकठाक. पण रात्री झाकण लावून बॅगेत ठेवला की सकाळी बॅटरी निम्मी अन् बॅग गरम, दुकानदार म्हणला बॅटरी बदला, मी म्हणलं थांबा राव जरा. बघितलं तर स्लीप मोड 'एसटूआयडल'वर, म्हणजे गडी नुसता डुलक्या घेतोय, प्रोसेसरची पावर पुरती कट होतच नाही. नशिबानं 'डीप'चा, म्हणजे खऱ्या गाढ झोपेचा पर्याय होता (बऱ्याच नव्या मशीनला नसतोय), मग ग्रबमधी (लिनक्स चालू करून देणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप टाकलं, ग्रब अपडेट करून रिस्टार्ट मारला. आता रातभरात दोन-तीन टक्केच जातेत. वायफाय मात्र उठल्यावर कधीमधी गायब, ड्रायव्हर काढून परत लोड करावा लागतो, वैताग. चार स्टार, एक दुकानदाराच्या फुकट सल्ल्याचा कापला.