हिमालयन ४५० की ३९० ॲडव्हेंचर? दोन्ही चालवून पाहिल्यावर

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आणि केटीएमची २०२५ मध्ये आलेली नवी ३९० ॲडव्हेंचर, या दोन बाइक एकाच दिवशी, लागोपाठ चालवल्या. कागदावर दोघी जुळ्या वाटतात: सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, सहा गिअर, पुढे २१ आणि मागे १७ इंची चाकं. सीटवर बसलं की हा समज फार टिकत नाही.

टेस्ट राइडला गुळगुळीत रस्ता मिळाला तर केटीएमच जिंकणार, हे आधीच सांगतो. जवळपास ४६ पीएस ताकद, आणि क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता खटाखट पडणारे गिअर. हसू आवरत नाही. हिमालयन ४० पीएसची, पण तिचा ४० एनएम टॉर्क (इंजिनाची ओढ) ५,५०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळतो, तर केटीएमचा ३९ एनएम ६,५०० ला. चढावर फरक लगेच कळला. हिमालयन तिसऱ्यातच निवांत चढत राहिली, तर केटीएमवर मी एक गिअर खाली येऊन इंजिन फिरतं ठेवलं. ज्याला गिअरशी खेळायला आवडतं त्याला हे कष्ट वाटणारच नाहीत.

खरी परीक्षा वेगाची नाहीच, यू-टर्नची आहे. हिमालयन १९६ किलो, केटीएम १८३. या तेरा किलोंतले दोनेक किलो जास्तीच्या पेट्रोलचे, बाकी गाडीचेच. चालू गाडीवर ते जाणवत नाहीत. खडीवर हँडल पूर्ण वळवून पाय टेकताना मात्र जाणवतात. सीटची उंची हिमालयनची ८२५ मिमी (८४५ पर्यंत वाढवता येते), केटीएमची ८३०. पाच मिलिमीटरवरून निर्णय घेऊ नका. बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, त्यावर पाय पोचणं ठरतं.

उभं राहून चालवायला मला हिमालयन जास्त सोपी वाटली. टाकी गुडघ्यांत नीट बसते.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये तुलना एकतर्फी आहे. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), कॉर्नरिंग एबीएस (वळणात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारं) सगळं केटीएमकडे. हिमालयनच्या गोल स्क्रीनवर गुगल मॅप्स दिसतो, मागचं एबीएस बंद करता येतं, एवढ्यावर भागवायचं.

टाकी मात्र १७ लिटर विरुद्ध साडेचौदा. दोघींनी लिटरला २८ दिले असं धरलं तरी हिमालयन एका टाकीत ७० किलोमीटर पुढे जाते. पंप दूर दूर असलेल्या वाटेवर हे सत्तर किलोमीटर क्विकशिफ्टरपेक्षा मोलाचे.

एकटे फिरत असाल, सामान कमी आणि वळणांची हौस जास्त असेल, तर केटीएम घ्या. सामान बांधून दिवसभर एका लयीत जायचं असेल तर हिमालयन. माझा कल हिमालयनकडे आहे, पण बायकोला मागे बसवून एक फेरी अजून राहिलीय. तिने होकार दिल्याशिवाय बुकिंग नाही.