बाबांच्या आरएक्स 100 चे गंजलेले फोर्क पाईप आणि भोसरीतलं हार्ड क्रोम

बाबांची 1993 ची यामाहा आरएक्स 100 धायरीत आमच्या पार्किंगच्या कडेला सहा पावसाळे उभी होती. झड थेट पुढच्या चाकावर यायची. गेल्या वर्षी ती पुन्हा रस्त्यावर काढायची ठरवली, तेव्हा पुढच्या शॉकअपच्या दोन्ही पाईपांवर (फोर्क पाईप म्हणतात ते हेच) तांबूस ठिपके पडले होते. नख फिरवलं की अडकायचं.

आधी मी जवळच्याच एका क्रोमवाल्याकडे गेले. त्याने हँडलला करतात तसं चकचकीत करून दिलं. मी खूश झाले, नवे ऑइल सील (शॉकअपमधलं तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा) टाकले. दोन महिन्यांत पापुद्रे सुटले, त्यांच्या कडांनी सील फाटले आणि तेल ओघळून ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचलं. ते शोभेचं क्रोम होतं. त्यात खाली निकेल असतं आणि वरचं क्रोम मायक्रॉनभरही जाड नसतं. दिवसभर सीलमधून वरखाली होणाऱ्या पाईपला हार्ड क्रोमच, म्हणजे त्याहून बराच जाड आणि कडक थर लागतो. नाना पेठेत नवे पाईप मिळत होते, पण मला बाबांच्या गाडीचे मूळ पाईपच ठेवायचे होते. तिथल्याच एका स्पेअरवाल्याने भोसरी एमआयडीसीतल्या एका हार्ड क्रोमच्या वर्कशॉपचा पत्ता दिला.

त्यांचं रोजचं काम हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडचं. तरी तिथल्या काकांनी माझे दोन पाईप तितक्याच आस्थेने घेतले. आधी व्ही ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून, वाक दाखवणारं डायल लावून फिरवले. डाव्याचा काटा हलला. "ताई, वाकलेल्या पाईपवर क्रोम चढवून काय करायचं? आधी सरळ करू," म्हणाले आणि प्रेसवर घेतला. मग खडूने दोन खुणा केल्या. सील सरकतं ते एवढ्याच पट्ट्यात. वर हेडलाइटच्या कानांआड जे खड्डे आहेत, त्यांनी तेल गळत नाही, त्यांच्यावर पैसे घालवू नका, असं त्यांनी आपणहून सांगितलं. माझा विश्वास बसला तो तिथेच.

क्रोमने खड्डा भरून निघतो असं मला वाटायचं. तसं होत नाही. टाकीत करंट कडांवर जास्त ओढला जातो, म्हणून खड्ड्याच्या काठावर थर वाढतो आणि खड्डा तसाच राहतो. म्हणून जुनं क्रोम उतरवून पाईप आधी घासावा लागतो. दोन खोल खड्ड्यांवर त्यांनी टिग वेल्डिंगचा बारीक ठिपका दिला आणि तो पुन्हा घासला. मग मापापेक्षा जाड हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंगने मूळ मापावर आणलं. मधल्या टप्प्यात मी बघायला गेले होते. पाईप राखाडी, उघडा, आणि वरच्या आट्यांना क्रोम लागू नये म्हणून रबरी बूच. परत मिळाल्यावर घरी त्यावरून ओढणीचं टोक फिरवलं. एक धागा अडकला नाही.

दोन्हीचे 2,600 रुपये झाले. या कामाला मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत. वेळेची मात्र तक्रार आहे. आठ दिवस सांगून एकोणीस लावले आणि मधे फोनही उचलला नाही. शिवाय पाईपांच्या आत ग्राइंडिंगची बारीक कच राहिली होती. मी डिझेलने तीनदा धुतली, तेव्हा फडकं स्वच्छ निघालं. हे न करता तेल भरलं तर नवे सील पुन्हा जातील.

त्यानंतर अख्खा पावसाळा गाडी चालवली. सिंहगड रोडचे खड्डे झाले, कात्रजचा जुना घाट दोनदा झाला. पाईपांवर तेलाची कड नाही आणि ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग पूर्वीसारखा दबून सावकाश वर येतो. बाबा मागे बसून खडकवासल्यापर्यंत आले. उतरल्यावर आधी वाकून पाईपच बघितले.

जाणार असाल तर शॉकअप पूर्ण खोलून नुसते पाईप न्या, खोलायचं काम ते करत नाहीत. गुरुवारी जाऊ नका, भोसरीला सुट्टी असते.