टीबीच्या रुग्णासाठी १४४१६ : फोन कुठवर पुरतो?

‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून. इथं ती एकाच अंगानं तपासली आहे : यवतमाळ, चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या खेड्यात टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं मन खचलं, तर तिचा उपयोग किती? मन मोकळं करायला आणि पुढं कुठं जायचं ते कळायला सेवा उत्तम आहे. पण मनाच्या आजाराची गोळी सुरू करायची असेल, तर टीबीच्या गोळ्यांशी मेळ घातल्याशिवाय नुसत्या फोनवर भागत नाही.

जमेची बाजू मोठी आहे. जिल्ह्याच्या मानसोपचार ओपीडीत जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, कापूस वेचणीत तर कोणी निघतच नाही. त्यात टीबी झाला म्हणून ताटवाटी वेगळी केलेली असते. वरून ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं गावात झालं तर तो माणूस दवाखान्याची वाटच सोडतो. फोनवर कोणी पाहत नाही. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर किंवा माडिया, कोलामीच बोलणाऱ्या रुग्णासाठी मात्र आशाताईंना शेजारी बसवूनच फोन लावावा.

फोन लावला की भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात. गरज असेल तर ते तज्ज्ञांकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जोडून देतात. त्याआधी उपचार कार्ड, आताचं वजन आणि गोळ्यांची पाकिटं हाताशी ठेवा. ‘टीबीच्या गोळ्या चालू आहेत’ एवढं सांगून उपयोग नाही. पाकिटावरची नावं वाचून दाखवा. साधा टीबी की एमडीआर (नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा), तेही सांगा. शुगर, फिट किंवा एचआयव्हीचं औषध, दारू किती आणि शेवटची कधी घेतली, हे लपवू नका. सगळ्यात कामाचा प्रश्न : त्रास गोळ्यांच्या आधीपासून आहे, की नंतर सुरू झाला?

उदासी मोजायची नऊ प्रश्नांची चाचणी असते, एकूण गुण २७. १० किंवा त्याहून जास्त आले की तपशीलवार तपासणी हवी. टीबीत ती फसवते. थकवा, भूक मरणं, झोप उडणं हे टीबीमुळंही होतं आणि गुण उगाच वाढतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर भर द्यावा : कशातच जीव लागत नाही का, आणि मन सारखं उदास असतं का? मरणाच्या विचाराचा नववा प्रश्न तर कधीच गाळू नये. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी फवारणीचं औषध घरातून हलवा आणि माणसाला एकटं सोडू नका.

आता गोळ्यांचं. घोटाळा होतो तो इथंच. रिफाम्पिसिन या टीबीच्या गोळीमुळं लिव्हर इतर औषधं झपाट्यानं पचवून टाकतं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन, सर्ट्रालिन या मनाच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. रुग्ण नेमानं गोळी घेतो, गुण येत नाही आणि ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणत दोन्ही औषधं टाकून देतो. टीबीचीच दुसरी गोळी आयसोनियाझिड ब जीवनसत्त्वांपैकी बी-६ कमी करतं. हातापायाला मुंग्या आल्या तर ते दिलं जातंय का, हे विचारा. क्वचित आयसोनियाझिडनंच भ्रम होतो.

एमडीआरमध्ये जास्त जपावं लागतं. त्यातल्या सायक्लोसेरिन या गोळीनं उदासी, भास, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. असं काही दिसलं तर गोळी मनानं बंद न करता त्याच दिवशी टीबीच्या डॉक्टरांना कळवावं. एमडीआरच्याच लिनेझोलिडसोबत उदासीवरची बरीच औषधं धोक्याची ठरतात : घाम, थरथर, ताप, अंगाला झटके. त्यांतलं फ्लुओक्सेटिन बंद केलं तरी त्याचा असर सुमारे पाच आठवडे राहतो. एमडीआरचं बेडाक्विलिन चालू असताना उदासीवरचं एस्सिटालोप्राम द्यायचं तर आधी ईसीजी हवा. म्हणून फोनवरचे डॉक्टर औषधाचं नाव सुचवतील तेव्हा ते लिहून घ्या आणि सुरू करण्याआधी क्षयरोग पर्यवेक्षकांमार्फत टीबीच्या डॉक्टरांना दाखवा.

काही वेळा मात्र १४४१६ नको, थेट १०८. डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं आणि वागणं बदलणं एकत्र आलं तर टीबी मेंदूच्या आवरणात गेल्याची शंका घ्यावी. गडचिरोलीकडे तापात बरळणाऱ्याचं रक्त आधी हिवतापासाठी तपासावं. मोहाची दारू सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट किंवा भास झाले, तर ते ‘बाहेरचं’ नसतं. पुजाऱ्याकडे नेण्यात जाणारे तास जिवावर बेततात.

सहा महिन्यांचा कोर्स संपतो तेव्हाची एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. रिफाम्पिसिन बंद झालं की साधारण दोन आठवड्यांत त्याचा परिणाम ओसरतो. तोवर कमी पडायची म्हणून वाढवून दिलेली मनाची गोळी मग जास्त पडू लागते : गुंगी, चक्कर, अंग ताठरणं. शेवटच्या डोसची तारीख मानसोपचारवाल्यांना आधीच कळवा आणि पुढची भेट त्याच पंधरवड्यात ठरवून घ्या.